सर्दी-तापाचा विषाणू आणि मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लू, कोविड, गोवर असे श्वासावाटे पसरणारे विषाणू आणि त्यांच्या मागून येणारे मेंदूचे व नसांचे त्रास यांवर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. या पत्रांत बहुधा सगळं असतं, अगदी रिपोर्टचे फोटोसुद्धा. नसतात त्या तारखा. ताप कधी चढला, कधी उतरला आणि हा त्रास कितव्या दिवशी सुरू झाला, एवढं कळलं तरी डॉक्टरांचं बरंच काम सोपं होतं. म्हणून खालच्या उत्तरांत दिवसांचा हिशेब सारखा येईल.

१. सर्दी-खोकल्याचा विषाणू नाका-घशात, फार तर फुप्फुसात असतो. त्याचा मेंदूशी संबंध येतोच कुठे?

चार वाटांनी येतो. सर्वांत नेहमीची वाट म्हणजे विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं रक्तात सोडतं, ती मेंदूला जाणवतात (प्रश्न ३). दुसरी ऑक्सिजनची. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो २० टक्क्यांच्या आसपास वापरतो. न्यूमोनियात तुटवडा पडला की पहिली ओरड त्याचीच (प्रश्न ८). तिसरी वाट रक्ताच्या गुठळीची (प्रश्न ११). चौथीत विषाणू निघून गेलेला असतो, पण त्याच्यासाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर चालून जाते (प्रश्न १३). विषाणू स्वतः मेंदूत घुसून तिथे ठाण मांडतो, ही झाली पाचवी वाट. लोकांच्या मनात सगळ्यात आधी तीच येते आणि प्रत्यक्षात ती सगळ्यात विरळ.

२. म्हणजे कोविडचा विषाणू मेंदूत शिरतो की नाही? एक काय ते सांगा.

बहुतेक रुग्णांत शिरत नाही, आणि शिरला तरी मुख्य नुकसान त्याच्यामुळे झालेलं दिसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये कोविडने दगावलेल्यांचे मेंदू तपासले. बारीक रक्तवाहिन्या इजा होऊन झिरपत होत्या, आजूबाजूला सूज होती, पण विषाणू सापडला नाही. इतर काही शवविच्छेदनांत त्याचे अंश थोड्या प्रमाणात मिळाले, मात्र जिथे अंश तिथेच इजा असा मेळ बसला नाही.

याहून बोलका प्रयोग स्टॅनफर्ड आणि येल विद्यापीठांतल्या गटांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. संसर्ग श्वसनमार्गापुरताच राहील अशी सोय त्यांनी उंदरांत केली. आजार सौम्य होता, मेंदूत विषाणू नव्हता. तरीही मेंदूतल्या पहारेकरी पेशी चवताळलेल्या राहिल्या आणि स्मरणशक्तीशी संबंधित भागात नव्या चेतापेशी तयार होण्याचं प्रमाण घटलं. उंदरांवरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण ‘मला तर साधाच कोविड झाला होता, मग डोकं का चालेना?’ असं विचारणाऱ्यांची तक्रार मनाची नाही, हे मानायला त्याने बळ मिळालं. विषाणू खरोखरच मज्जासंस्थेत शिरतो असे अपवाद प्रश्न १९ आणि २० मध्ये आहेत.

३. तापात काही सुचत नाही, जेवण नको वाटतं, नुसतं पडून राहावंसं वाटतं. हासुद्धा मेंदूवरचा परिणामच का?

हो, आणि तो मेंदूने मुद्दाम घडवून आणलेला असतो. संसर्गात तयार होणारी रसायनं मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला तापमान वाढवायला, भूक बंद करायला आणि अंग टाकायला लावतात. काही निरोप रक्तातून न जाता नसांवरून जातात. घशाच्या मागच्या भागातल्या ठरावीक नसा यांतलं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन ओळखून मेंदूला ‘आजारी पड’ असं कळवतात, हे हार्वर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये फ्लू झालेल्या उंदरांत दाखवलं. पॅरासिटामॉलने तापाबरोबर थोडी हुशारी येते, कारण प्रोस्टाग्लँडिनच कमी होतं.

हा सुस्तपणा ताप उतरला की हटतो. ताप १०० च्या खाली आला, तरी माणूस हाकेला ओ देत नाही, तर प्रश्न ४ वाचा.

४. साधा ताप आणि मेंदूज्वर यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

घरी निदान करायचं नसतं, शंका तेवढी घ्यायची असते. हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटणं, घरच्यांना न ओळखणं, असंबद्ध बोलणं, अचानक विचित्र वागणं, फीट, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, थांबता न थांबणारी उलटी, एका बाजूची ताकद जाणं: यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तान्ह्या बाळात मान ताठ होतेच असं नाही. त्याचं दूध तोडणं, किरकिरं रडणं आणि टाळू फुगणं पाहायचं.

फ्लूमध्ये एक वेगळाच प्रकार होतो, विशेषतः लहान मुलांत. ताप चढल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांतच मूल बेशुद्धीकडे जातं आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागाच्या दोन्ही बाजूंना सारखीच इजा दिसते. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या दशकात याचं नीट वर्णन केलं. आजार दुर्मीळ आहे, पण त्यात तासांना किंमत आहे. ‘आत्ताच तर ताप आलाय, दोन दिवस बघू’ हा सल्ला खेळत्या-बोलत्या मुलासाठी ठीक. गुंगीत गेलेल्या मुलासाठी नाही.

हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट यायच्या आधीच ॲसायक्लोव्हिर सुरू केलं तर घाबरू नका. नागीण-कुळातल्या हर्पीस विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर यात मिसळून दिसू शकतो. त्यावर औषध आहे आणि उशीर महागात पडतो, म्हणून ते आधी देतात आणि तपासणी निगेटिव्ह आली की बंद करतात.

५. दीड वर्षाच्या मुलीला सर्दी-तापात फीट आली. आता हिला अपस्मार होणार का?

फार मोठ्या शक्यतेने नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात २ ते ५ टक्के मुलांना तापात आकडी येते. ती बहुधा तापाच्या पहिल्याच दिवशी येते, कित्येकदा ताप आहे हे कळायच्या आधी. पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश. पण पुढे अपस्मार होण्याचं प्रमाण साध्या तापाच्या आकडीनंतर एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही.

त्या क्षणी काय करायचं? मुलीला जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर जाईल. गळ्याजवळचं बटण सोडा. घड्याळ पाहा, कारण अशा वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार. कुणाचा हात मोकळा असेल तर मोबाइलवर चित्रण करा. त्याचा तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोग होतो. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फीट थांबत नाही. ती बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं.

पाच मिनिटांपलीकडे गेली, एकाच बाजूला आली, २४ तासांत दुसऱ्यांदा आली किंवा नंतर मूल शुद्धीवर येईना, तर थेट हॉस्पिटल. पहिली आकडी थांबली तरी त्याच दिवशी दाखवावं. ज्या मुलांना ती लांबते त्यांच्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे डॉक्टर लिहून देतात. पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून द्या. त्याने फीट नक्की टळते असं नाही, त्यामुळे ‘डोस चुकला म्हणून झालं’ असं स्वतःला लावून घेऊ नका.

६. घरात डिस्प्रिन पडलेली असते. मुलाचं अंग दुखतंय, अर्धी दिली तर चालेल?

नाही. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. फ्लू किंवा कांजिण्यांच्या वेळी मुलांना ते दिल्यावर मेंदूला सूज आणि यकृत बिघडणं असा जिवावरचा आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर राय यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला राय सिंड्रोम म्हणतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एका वर्षात पाचशेच्या वर रुग्ण नोंदले गेले होते. ॲस्पिरिनबद्दल जाहीर इशारे दिल्यावर तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. सोळा वर्षांखाली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने द्यायचंच नाही. हृदयाच्या एखाद्या आजारासाठी ते रोज चालू असेल, तर बंदही परस्पर करू नका. फ्लूच्या तापात डॉक्टरांना फोन करा.

७. टॅमीफ्लूने मुलं भ्रमिष्ट होतात म्हणे?

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यात हा प्रश्न घरोघरी होता आणि तो अजून येतो. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे हे फ्लूवरचं औषध घेतलेल्या काही किशोरवयीन मुलांच्या विचित्र वागण्याच्या घटना गाजल्या आणि २००७ मध्ये १० ते १९ वयोगटात ते टाळण्याची सूचना निघाली. पुढे लक्षात आलं की औषध न घेतलेली फ्लूची मुलंही तशीच वागतात. २०१८ मध्ये सूचना मागे घेतली गेली. फ्लू झालेल्या मुलाला पहिले दोन दिवस एकटं सोडू नये, औषध चालू असो वा नसो.

८. आजोबांना ताप नाही, खोकलाही किरकोळ. पण रात्रीपासून बरळतायत, गेलेल्या माणसांना हाका मारतायत. वय झालं म्हणून असं होतं का?

वयामुळे माणूस एका रात्रीत बदलत नाही. सत्तरीच्या पुढे फ्लू, कोविड, न्यूमोनिया कधी कधी फक्त गोंधळलेपणानेच दिसतात. ताप चढतच नाही. आधी बोटाला ऑक्सिमीटर लावा, मधुमेह असेल तर साखर तपासा, लघवी किती वेळापूर्वी झाली ते विचारा आणि डॉक्टरांना ‘कालपर्यंत ठीक होते’ हे वाक्य आवर्जून सांगा. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो, हा प्रकार तासा-दिवसांत.

सर्दीच्या गोळ्यांची पट्टी उलटून वाचा. क्लोरफेनिरामिन असेल तर तेही म्हाताऱ्या माणसाला भ्रमात ढकलतं आणि लघवी अडवतं. हॉस्पिटलात चष्मा, कानाचं यंत्र, कवळी बरोबर द्या. आयसीयूत दिवस-रात्र कळेनाशी होते, तेव्हा ओळखीच्या माणसाचा आवाज आणि डोळ्यांवरचा चष्मा यांचा जो उपयोग होतो तो झोपेच्या इंजेक्शनाचा होत नाही. शांत, निपचित पडणारे आजोबाही भ्रमात असू शकतात. त्रास देत नाहीत म्हणून ते सुटून जातात.

९. कोविडनंतर वास गेला. परत आला तो वेडावाकडा. फोडणी दिली की घरात काहीतरी कुजल्यासारखं वाटतं. हे कशामुळे?

नाकाच्या छतावर गंध ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. कोविडचा विषाणू ज्या कडीला धरून आत जातो ती एसीई-२ ही कडी या आधारपेशींवर आहे, गंधपेशींवर जवळपास नाही. आधार कोसळला की गंधपेशींचं काम बंद पडतं. म्हणून अनेकांचा वास नाक चोंदलेलं नसतानाही एका दिवसात गेला आणि आधारपेशी भरून आल्यावर काही आठवड्यांत परतलाही.

ज्यांच्या गंधपेशीही मेल्या, त्यांच्यात नव्या उगवतात, पण मेंदूशी त्यांची जुळणी सुरुवातीला नीट होत नाही. त्या काळात कॉफी, कांदा, लसूण, अंडं, काहीही भाजलेलं-तळलेलं सडक्या वासाचं लागतं. या पदार्थांतली गंधकयुक्त संयुगं अगदी कणभर असली तरी तीव्रपणे जाणवतात. वैताग येतो, पण काहीच वास न येण्यापेक्षा ही पुढची पायरी आहे. तोवर जेवण गार किंवा कोमट, भात-दही, फळं, फोडणीशिवायचं वरण असं चालवून घ्यावं.

उपाय म्हणून गंधसराव करतात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी असे चार वास. आपल्याकडे चारही घरात सापडतात: गुलाबाचं अत्तर, ताजी लिंबाची साल, ठेचलेल्या चार-पाच लवंगा, नीलगिरी तेलाचे दोन थेंब टाकलेला कापूस. चार छोट्या झाकणाच्या बाटल्या भरा, वर चिठ्ठी चिकटवा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगा आणि त्या वेळी तो वास कसा होता ते आठवा. खोल श्वास ओढू नका. किमान तीन महिने. लवंगा आणि लिंबू मधूनमधून बदला, नाहीतर तुम्ही वास गेलेल्या लवंगेवर सराव करत बसाल. बाटल्या अर्ध्यातच सोडून देणारे जास्त. टिकून करणाऱ्यांना फायदा होतो, तोही हळू.

आणि एक: वास येत नसेल तोवर गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद करण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

१०. वास गेला म्हणजे मेंदू आकसला, असं वाचलं. खरं का?

बातमीचं मूळ ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात आहे. साथीच्या आधी ज्यांचे मेंदूचे स्कॅन झाले होते अशा ५१ ते ८१ वयाच्या ७८५ लोकांचे पुन्हा स्कॅन केले. त्यांतल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता. गंधाशी निगडित भागांत त्यांची घट इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्क्यांनी जास्त निघाली. वास बंद पडला की त्या भागांना येणारी खबर थांबते, आणि न वापरलेला भाग थोडा बारीक होतो, हेही एक कारण असू शकतं. हे सरासरीचे आकडे आहेत. तुमच्या एकट्याच्या एमआरआयवर एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी स्कॅन काढण्यात पैसे घालवू नका.

११. फ्लू किंवा कोविडनंतर लकवा होतो का? आमच्याकडे बत्तीस वर्षांच्या भावाला झाला.

होऊ शकतो. कोणत्याही जोरदार श्वसनसंसर्गानंतर स्ट्रोकचा धोका काही काळ वाढतो, पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक. सूज आली की रक्त लवकर गोठतं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, नाडी अनियमित होऊ शकते, अंगातलं पाणी कमी होतं. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतल्या, कोविड झालेल्या रुग्णांमध्ये मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या बंद झाल्याचं कळवलं, तेव्हा जगभर खळबळ उडाली. तरुण माणसांत तरीही हा धोका थोडाच आहे. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू असतील तर तो चढत जातो.

तोंड एका बाजूला ओढलं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ पाहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांपर्यंतच देता येतं. ‘शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता’ ही वेळ डॉक्टर विचारतात, कुणाच्या लक्षात कधी आलं ती नाही. स्ट्रोकचे पेशंट घेणारं, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. वाटेत दोन ठिकाणी थांबून ‘ग्लुकोज लावून’ घेण्यात वेळ जातो. तेल-मालीश अशा उपायांना नंतर भरपूर वेळ आहे.

१२. सर्दीनंतर नुसतं तोंड वाकडं झालं, हातपाय ठीक आहेत. हाही लकवाच का?

कपाळाला आठ्या घालून पाहा. त्या बाजूच्या आठ्या पडत नसतील आणि डोळा पूर्ण मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, मेंदूत काही नाही. स्टिरॉइड गोळ्या ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा जास्त. डोळ्यात थेंब घालून रात्री पट्टी लावायची. आठ्या पडत असतील तर प्रश्न ११. शंका असेल तरी प्रश्न ११.

१३. पुण्यात जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली होती. ती कोविडमुळे किंवा फ्लूमुळे का?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जे दोनशेच्या वर रुग्ण आढळले, त्यांचा धागा दूषित पाण्याकडे आणि पोटाच्या संसर्गाकडे जात होता; शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्या भागातले लोक तेव्हा मास्क लावून फिरत होते आणि पाणी न उकळता पीत होते, हे आम्हाला आलेल्या पत्रांतून दिसत होतं.

पण जीबीएस फ्लू, कोविड, साध्या सर्दीनंतरही होतो, कारण आजार जंतूचा नसून प्रतिकारशक्तीच्या गफलतीचा आहे. जुलाब किंवा सर्दी बरी होते. एक ते चार आठवडे मध्ये जातात. मग पायांना मुंग्या येतात, जिना चढताना गुडघे दगा देतात, चप्पल पायातून सुटते, आणि अशक्तपणा काही दिवसांत वर सरकतो. पाठ दुखणं हे पुष्कळदा पहिलं लक्षण असतं आणि हमखास दुर्लक्षिलं जातं. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही.

हा संसर्गजन्य नाही, रुग्णाजवळ बसायला हरकत नाही. श्वासाचे स्नायू गेले तर व्हेंटिलेटर लागतो. चार-पाचांतल्या एकाला ती वेळ येते. उपचार दोन: इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बदलणं. दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत, खर्च मात्र वेगळा, म्हणून ‘महागडं इंजेक्शन परवडत नाही’ असं असेल तर प्लाझ्मा बदलण्याबद्दल स्पष्ट विचारा. नुसत्या स्टिरॉइडचा यात उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत चालायला लागतात.

१४. लशीनेही जीबीएस आणि मेंदूत गुठळी होते. मग लस घ्यावी का?

दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर दर लाखामागे साधारण एक जास्तीचा जीबीएस रुग्ण दिसला आणि मोहीम थांबवली गेली. आजच्या फ्लूच्या लशींत हे प्रमाण दहा लाखांमागे एक-दोन इतकं असतं. खुद्द फ्लू झाल्यावर होणारा धोका त्याहून मोठा.

मेंदूतल्या शिरेत गुठळी हा कोविशील्डच्या जातीच्या लशीचा अतिदुर्मीळ दुष्परिणाम. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या कोर्टाच्या कागदांच्या बातम्या आल्यावर इकडे पुन्हा घबराट झाली. ती गुठळी होते ती लशीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तेही बहुतांश पहिल्या डोसनंतर. २०२१ ला घेतलेल्या डोसमुळे आज ती होत नाही. ‘आता रक्त पातळ करायची गोळी घेऊ का?’ असं पुष्कळ जण विचारतात. या कारणासाठी अजिबात नको. ज्यांना एखाद्या लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला होता, त्यांनी ती लस पुन्हा घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलावं.

१५. डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. त्याने माणूस कमरेखाली लुळा होतो, असं सगळे सांगतात.

या एका समजापायी किती तास वाया जातात याची गणती नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत, म्हणजे रज्जूच्या खाली. तिथे पाण्यात तरंगणारे सुटे चेतातंतू असतात, ते सुईने बाजूला सरकतात.

पेशंटला कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजवतात, जागा बधिर करतात आणि थेंब थेंब करून जेमतेम दोन-तीन चमचे पाणी घेतात. शरीर दिवसाला साधारण अर्धा लिटर असं पाणी नव्याने तयार करतं. नंतर काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त. आडवं झालं की कमी होतं, काही दिवसांत जातं. मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. जीबीएसमध्ये पहिल्या आठवड्यात हे पाणी अगदी नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आला, घरी नेतो’ असं करू नका.

१६. कोविड होऊन वर्ष झालं. शब्द आठवत नाहीत, हिशेब चुकतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हाच ब्रेन फॉग का?

असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे संसर्गानंतर तीन महिन्यांनीही असलेला, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला त्रास म्हणजे लाँग कोविड. ‘दुसरं कारण न सापडलेला’ हा भाग आपल्याकडे घाईत सुटतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तर फारच. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर एवढं आधी तपासा. रात्री घोरणं, मध्येच श्वास अडकणं, उदासपणा, झोपेच्या गोळ्या यांचाही विचार करा. यांतलं काही सापडलं तर ती चांगली बातमी आहे, कारण त्यावर उपाय आहे.

उभं राहिल्यावर धडधड आणि डोकं जड होत असेल, तर पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत पुन्हा मोजा. ती तिसाच्या वर वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पाणी, मीठ आणि पायात घट्ट मोजे यांनी अशा पुष्कळांना बरं वाटतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ मनाने वाढवू नये. ब्रेन फॉगवर खात्रीची गोळी आज नाही. ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून जे विकलं जातं त्यात विकणाऱ्याचा फायदा आहे.

१७. डॉक्टर म्हणाले व्यायाम वाढवा. केला की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही.

मग वाढवू नका. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणं हे लाँग कोविडच्या एका प्रकाराचं ओळखचिन्ह आहे, आळस नाही. कामाचे तुकडे पाडा, कोसळायच्या आधी थांबा, आठवडाभर केलेलं आणि त्यानंतरचं बरं-वाईट एका वहीत लिहा. ज्यांना असं कोसळायला होत नाही, त्यांना चालणं हळूहळू वाढवण्याचा फायदाच होतो.

१८. काळी बुरशी मेंदूत जायची, तीही कोविडच होती ना?

नव्हे, ती बुरशी होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वाढलेली साखर आणि भरमसाट स्टिरॉइड यांनी तिला वाट करून दिली. नाकाजवळच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मेंदूकडे. एका बाजूचा गाल दुखणं वा बधिर होणं, नाकातून काळसर स्राव, एकाचे दोन दिसणं ही तिची लक्षणं. मधुमेह्यांमध्ये ती कोविडच्या आधीही होती, आजही आहे.

१९. गोवर तर लहानपणी येऊन जातो. तो दहा वर्षांनी मेंदूत कसा निघतो?

गोवर श्वासावाटे पसरतो आणि मज्जासंस्थेला तीन वेगवेगळ्या वेळी गाठू शकतो. पुरळाच्या सुमारास मेंदूज्वर, साधारण हजारात एकाला. काही महिन्यांनी, प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांत. आणि सरासरी सात ते दहा वर्षांनी, एसएसपीई नावाने. यात बदललेल्या रूपातला विषाणू मेंदूत दबा धरून बसलेला असतो. चांगल्या चालणाऱ्या मुलाचे मार्क घसरतात, अक्षर बिघडतं, हातातली वाटी झटक्याने उडते; सुरुवातीला घरचे आणि शिक्षक ‘लक्ष नाही’ म्हणून रागावतात. मग झटके वाढत जातात. बरा करणारा उपचार नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका जास्त.

लशीतल्या विषाणूमुळे एसएसपीई होत नाही. नऊ महिन्यांना आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा डोस, दोन्ही सरकारी केंद्रात मोफत. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा राहून गेलेल्या डोसांचाच प्रश्न होता. ‘देवी आली’ म्हणून कडुलिंबाचा पाला लावून घरात बसवलेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचा डोसही मिळत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

२०. मग थेट मज्जासंस्थेवर जाणारे श्वसनविषाणू कोणते?

दोन सांगण्याजोगे. एन्टेरोव्हायरस डी-६८ हा पोलिओच्या नात्यातला, पण सर्दी-दम्यासारखा आजार करणारा. अमेरिकेत २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये त्याच्या साथींबरोबर मुलांचा एखादा हात किंवा पाय अचानक लुळा पडल्याच्या घटना वाढल्या. इजा थेट मज्जारज्जूत होती. भारतात पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय असा लुळा पडला तर, कारण कोणतंही वाटो, पोलिओ पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेला कळवावं लागतं आणि शौचाचे नमुने जातात. त्याला नकार देऊ नका.

दुसरा निपाह. तो वटवाघळांकडून येतो, रुग्णाच्या जवळच्या संपर्कातून पसरतो आणि मेंदूज्वर करतो. २०१८ मध्ये केरळात कोळिकोडला तो उद्भवला. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत त्याच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० च्या नमुन्यांत आढळल्या. तिथून माणसाला लागण झाल्याची नोंद नाही. विदर्भात ऐकू येणारा चांदीपुरा विषाणू या यादीत बसत नाही. तो वाळूमाशीच्या चाव्यातून येतो, खोकल्यातून नाही.

२१. १९१८ च्या फ्लूनंतर लोक वर्षानुवर्षं झोपून राहिले, असं ऐकलं. तसं पुन्हा होईल का?

तो आजार खरा होता. व्हिएन्नाचे कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे पार्किन्सन्ससारखा ताठरपणा आला. पण पहिले रुग्ण फ्लूच्या मोठ्या लाटेच्या आधीचे आहेत. जपून ठेवलेल्या मेंदूंच्या नमुन्यांत फ्लूचा विषाणू शोधूनही मिळाला नाही. मुंबई बंदरात जून १९१८ मध्ये फ्लू उतरला आणि देशात कोटीहून अधिक माणसं गेली, त्या साथीशी या झोपेच्या आजाराचं नातं सिद्ध झालेलं नाही. म्हणून कोविडनंतर तसंच होणार असं ठामपणे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

२२. आधीपासून फीटची, पार्किन्सन्सची किंवा मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकून ताकद जाण्याचा आजार) औषधं चालू आहेत. सर्दी-ताप आला तर काय सांभाळायचं?

फीट असलेल्यांनी एकही डोस चुकवायचा नाही. ताप, जागरण आणि उलटीत पडलेली गोळी या तिन्हींनी फीट येते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून ती पुन्हा घ्या. कार्बामाझेपिन, फेनिटोइन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तर कोविडवरचं रिटोनाव्हिर असलेलं औषध चालत नाही. व्हॅल्प्रोएट घेणारा माणूस न्यूमोनियाने ॲडमिट झाला आणि मेरोपेनेमसारखं प्रतिजैविक लावलं, तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एकदम कोसळते. हे ड्युटीवरच्या डॉक्टरला आठवेलच असं धरू नका, तुम्ही सांगा. दुखण्यासाठी ट्रामाडॉलही टाळा.

पार्किन्सन्सची गोळी तोंडाने जात नसेल तरी अचानक बंद ठेवायची नाही, नळीने द्यायला सांगा. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, त्याने ताठरपणा वाढतो.

मायस्थेनियाचे रुग्ण सर्वांत अडचणीत येतात ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे. सर्दी म्हटलं की तो अझिथ्रोमायसिनची तीन दिवसांची पट्टी हातात ठेवतो. तीच गोळी, तसंच लिव्होफ्लॉक्सासिन, मायस्थेनियात स्नायूंची ताकद आणखी घालवू शकते. गिळताना ठसका, बोलता बोलता आवाज नाकात जाणं, उशीशिवाय झोपल्यावर दम लागणं सुरू झालं, तर घशाच्या डॉक्टरकडे नंबर लावू नका. आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात जा आणि जाताना चालू औषधांची चिठ्ठी खिशात ठेवा.